नातलगांच्या आठवणी : गाळलेल्या माणसांचा हिशेब



पिंपळनेरला बोलायचं म्हटलं की मला थोडं दडपण येतं. नाशिकला, पुण्याला माणूस बोलतो आणि गाडीत बसून निघून येतो. इथं समोर बसलेल्या निम्म्या लोकांना माझे वडील ठाऊक होते आणि उरलेल्यांना माझं घर कोणत्या गल्लीत आहे ते ठाऊक आहे. त्यामुळे इथं बढाई मारता येत नाही. आजच्या विषयाला हे बरंच आहे, कारण विषयच तो आहे : घरच्या माणसांविषयी आपण जे लिहितो, त्यात खरं किती असतं?

हे व्याख्यान पुढे लांबचे लोकही वाचणार आहेत, म्हणून त्यांच्यासाठी एक वाक्य. पिंपळनेर हे धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं गाव. पांझरा नदीच्या काठी, सह्याद्रीच्या पायथ्याशी, गुजरातच्या वाटेवर. घरात अहिराणी, शाळेत मराठी. माझ्या लहानपणी या जिल्ह्याला पश्चिम खानदेश म्हणत.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे एक नवा वाङ्मयप्रकार फोफावलाय. कुटुंबाची स्मरणिका. वडिलांची जन्मशताब्दी, आईचं वर्षश्राद्ध, काकांचा अमृतमहोत्सव. चाळीस-पन्नास पानं, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर फेटा बांधलेला फोटो. मला वर्षाला पाच-सहा तरी येतात, कारण निवृत्त प्राध्यापकाकडे वेळ असतो असा समज आहे. मी त्या सगळ्या वाचतो. प्रामाणिकपणे सांगतो, नावं झाकली तर कोणती स्मरणिका कोणाची हे ओळखता येणार नाही. वडील करारी पण आतून मायाळू. आई सोशिक. आजी अन्नपूर्णा. काका दिलदार. घरोघरी जर अशी देवमाणसं होऊन गेली असतील, तर मग तालुक्याच्या कोर्टात वाटणीचे एवढे दावे चालू आहेत ते कोणाचे?

तुम्ही हसलात. पण हसण्यावारी न्यायचा हा विषय नाही. समीक्षक म्हणून मला प्रश्न पडतो की या लेखनाला आपण कोणत्या कसोटीवर तपासायचं? भाषा चांगली की वाईट, ही कसोटी इथं लागू पडत नाही, कारण लिहिणारे लेखक नसतात. 'खरं-खोटं' ही कसोटीही अपुरी आहे, कारण या स्मरणिकांत सहसा खोटं काही नसतं. असतं ते खरंच असतं. भानगड असते ती नसलेल्या गोष्टींत. म्हणून आज मी गाळण्याविषयी बोलणार आहे. आणि शेवटी माझ्या स्वतःच्या एका लेखाची समीक्षा करणार आहे.

सुरुवात मात्र दूरवरून करतो, फ्रान्सपासून. तत्त्वज्ञानाच्या माणसाची खोड म्हणा. पण त्याला कारण आहे. घरातली आठवण ही काय चीज आहे, याचा खोलात जाऊन विचार तिथल्या एका माणसाने केला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशात घराघरांत आठवणींची जी गोची झाली, ती आपल्याला बरंच काही शिकवते.

मॉरिस हाल्बवाक्स हे त्या माणसाचं नाव. समाजशास्त्रज्ञ. १९२५ साली त्याचं स्मृतीच्या सामाजिक चौकटींवरचं पुस्तक आलं. त्यात एक आख्खं प्रकरण कुटुंबाच्या स्मृतीवर आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : आपल्याला वाटतं की आपण एकटे आठवतो. तसं नसतं. घराने एक चौकट घालून दिलेली असते, तिच्यात बसेल तेवढंच आठवतं. आजोबा आठवतात म्हणजे नुसता चेहरा आठवत नाही, घराने त्यांना दिलेली जागा आठवते. आणि ही चौकट आजच्या गरजेप्रमाणे बदलत राहते. यातून निघणारी गोष्ट अशी की ज्या माणसाला घरात धड जागाच नव्हती, त्याला आठवणीतही जागा मिळत नाही. हाल्बवाक्सला १९४४ साली गेस्टापोने पकडलं आणि मार्च १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत तो वारला. सामूहिक स्मृतीवरचं त्याचं दुसरं पुस्तक १९५० साली, त्याच्या मागे छापलं गेलं.

त्याच १९५०च्या सुमाराचं फ्रान्स डोळ्यांपुढे आणा. युद्ध संपलं १९४५ मध्ये, पण रेशन चाललं १९४९ पर्यंत. प्रत्येक माणसाला वयाप्रमाणे आणि कामाप्रमाणे वर्ग दिलेला होता आणि त्यावर पाव, साखर, दूध ठरायचं. तेरा ते एकवीस वयाच्या पोरांचा वर्ग होता 'जे-३'. इतका अंगवळणी पडला की त्या अख्ख्या पिढीलाच लोक 'जे-३' म्हणू लागले. आपण रेशनकार्डाला कागद समजतो. पण घरात कोण राहतं, कोणाचं वय किती, कोणाच्या वाट्याला किती, हे घरातल्या माणसांपेक्षा ते कार्ड जास्त निर्विकारपणे सांगतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

त्या काळाविषयी लिहिणाऱ्यांत मला सगळ्यात जवळची वाटते ती आनी एर्नो. २०२२ चं नोबेल मिळालं तेव्हा आपल्याकडे तिचं नाव पोहोचलं. जन्म १९४०, नॉर्मंडीतला. इव्हतो नावाच्या छोट्या गावात आईबापांचं किराणा दुकान आणि त्यालाच जोडून कॅफे. म्हणजे साधारण आपल्या बाजारपेठेतलं दुकान, पुढे चहाची टपरी. बाप आधी शेतमजूर, मग कारखान्यात कामगार, मग दुकानदार. तिने बापावर जे छोटं पुस्तक लिहिलं, १९८३ चं 'ला प्लास', म्हणजे 'जागा', त्यात तिने ठरवून टाकलं की बापाची कादंबरी करायची नाही. त्याचे शब्द, त्याच्या सवयी, त्याला काय आवडायचं, कशाची लाज वाटायची, एवढंच सपाट भाषेत मांडायचं. बापाला ती मोठा करत नाही, लहानही करत नाही. मुलगी शिकली, मास्तरीण झाली, आणि शिकल्यामुळे बापापासून तुटली. तो अपराध ती बापाच्या गौरवाखाली झाकत नाही.

तिच्या 'लेझाने' या २००८च्या पुस्तकात युद्धानंतरच्या सणासुदीच्या जेवणांची वर्णनं आहेत. पंगत उठत नाही, मोठी माणसं युद्धाच्या गोष्टी सांगतायत, पोरं ऐकतायत. भूक, थंडी, पळापळ, कोणाची कशी फजिती झाली. आणि मग एर्नो शांतपणे नोंदवते की ही माणसं त्यांनी पाहिलेलंच सांगत होती, आगगाडीत कोंबून नेलेल्या ज्यू पोरांचं नाव त्या पंगतीत निघत नव्हतं. कोणी खोटं बोलत नव्हतं. फक्त एक गोष्ट गळत होती. १६ जुलै १९४२ ला आणि दुसऱ्या दिवशी पॅरिसमध्ये सुमारे तेरा हजार ज्यूंना पकडलं, तेही फ्रेंच पोलिसांनी. यात फ्रेंच राज्यसंस्थेचा दोष होता हे राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी जाहीरपणे मान्य केलं ते जुलै १९९५ मध्ये. त्रेपन्न वर्षं लागली. देशाची आठवण आणि घराची आठवण एकाच पद्धतीने गळते.

एर्नोचं आणखी एक पुस्तक आहे, 'लोत्र फी', म्हणजे 'दुसरी मुलगी'. २०११चं. ती दहा वर्षांची असताना आई एका गिऱ्हाइकाशी बोलत होती, ते तिच्या कानावर पडलं. तेव्हा तिला कळलं की आपल्याआधी आपल्याला एक बहीण होती, सहाव्या वर्षी घटसर्पाने गेली. आणि आई म्हणत होती की ती या मुलीपेक्षा गुणी होती. आईबाप आयुष्यात त्या बहिणीविषयी एर्नोशी एक शब्द बोलले नाहीत. तिनेही विचारलं नाही. सत्तरीत आल्यावर तिने त्या न पाहिलेल्या बहिणीला पत्र लिहिलं, ते हे पुस्तक. माझ्या वयाच्या माणसाला हे पुस्तक वाचवत नाही आणि सोडवतही नाही.

आता आपल्याकडे येऊ. मराठीला यात कोणाकडून शिकायची गरज नव्हती. आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून आहेत. शाळेचं तोंड धड न पाहिलेली बाई. नवरा मोठा कवी, रेव्हरंड टिळक. आणि हा मोठा माणूस घरात किती लहरी, किती रागीट, खिशात टिकू न देणारा, न सांगता निघून जाणारा होता, हे ती बाई हसत हसत सांगते. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घराचे काय हाल झाले, तेही सांगते. सूड नाही, सारवासारव नाही. गंमत अशी की हे वाचून टिळक आपल्या नजरेतून उतरत नाहीत. उलट खरे वाटू लागतात. देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसावर प्रेम करता येत नाही, त्याला फक्त हात जोडता येतात.

एवढा चांगला पाया असताना आपली कुटुंबकथा देव्हाऱ्याकडे का वळली? पुष्कळ जण याचं खापर 'श्यामची आई'वर फोडतात. मला ते मान्य नाही. साने गुरुजी आपल्या खानदेशचे झाले, अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि मग प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर झाले, म्हणून मी त्यांची बाजू घेत नाही. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं ते पुस्तक नीट वाचा. त्यात भाऊबंदकी आहे, कर्ज आहे, सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेला अपमान आहे, हळूहळू बुडणारं घर आहे. आईचं मोठेपण त्या बुडण्याच्या पार्श्वभूमीवर आहे. आपण काय केलं? संस्कार ठेवले, कर्ज गाळलं. १९५३ साली अत्र्यांचा सिनेमा आला, घरोघरी रडणं झालं. रडताना सावकार कोणाच्या लक्षात राहतो? पुस्तक प्रामाणिक होतं. वाचणाऱ्यांनी त्याची स्मरणिका केली.

ही चौकट फोडली ती दलित आत्मकथनांनी. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये आलं. त्यात पांढरपेशा झालेल्या दया पवारसमोर त्याच्यातलाच दगडू मारुती पवार बसतो आणि बोलू लागतो. बापाचं पिणं, गोदीतली नोकरी, कावाखान्यातलं जगणं, सगळं बाहेर येतं. पण समीक्षक म्हणून मला सगळ्यात मोठी वाटते ती वेगळी जागा. पहिल्या बायकोशी आपण कसे वागलो, तिच्यावर कसा संशय घेतला, हे हा माणूस लिहितो. ते गाळलं असतं तर कोणाला कळणार होतं? जातीने केलेल्या अन्यायाचं एवढं मोठं पुस्तक, त्यात बायकोची चार पानं नसती तरी पुस्तक उभं राहिलं असतं. पण ती गाळून सोय त्याचीच झाली असती. म्हणून त्याने ती गाळली नाहीत.

याच्या उलट उदाहरण बघा. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. आधी 'स्त्री' मासिकात आलं, मग १९८६ मध्ये पुस्तक झालं. या बाईने हे लिखाण घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं होतं. पुस्तकात वस्तीतल्या बायांचे हाल आहेत, सासुरवास आहे, मारहाण आहे. पण नवऱ्याने स्वतः तिला मारलं, हे पुस्तकात नाही. ते तिने पुष्कळ नंतर, पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादासाठी माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत सांगितलं. का गाळलं, तर तिचं म्हणणं साधारण असं, की सगळ्याच बायांचं तेच चाललं होतं, मी माझं वेगळं काय सांगणार?

आता बोला. दया पवारांनी सांगितलं ते प्रामाणिक आणि बेबीताईंनी गाळलं ते अप्रामाणिक, असं आपण म्हणू का? मी तरी म्हणणार नाही. इथंच माझी कसोटी सुरू होते. आठवण लिहिताना गाळावं लागतंच. सगळं लिहील तो वेडा. प्रश्न 'काय गाळलं' हा नाही. प्रश्न असा आहे की गाळल्याचा फायदा कोणाला झाला? बेबीताईंनी गाळलं त्यात फायदा असलाच तर नवऱ्याचा आणि वस्तीच्या गोष्टीचा. झीज त्यांनी स्वतः सोसली. गाळणारा स्वतः झीज सोसत असेल तर ते गाळणं मौन आहे. पण गाळणाऱ्यालाच त्यातून काही मिळत असेल, मान, जमीन, झोप, तर त्या गाळण्याला दुसरा शब्द आहे. तो तुम्हीच ठरवा.

ही कसोटी मी माझ्या लेखाला लावून दाखवतो म्हणालो होतो. दाखवतो.

माझे वडील १९२२ चे. २०२२ मध्ये आम्ही भावंडांनी शताब्दीची पुस्तिका काढली. मुख्य लेख अर्थातच माझा, अकरा पानांचा. भाषा मी म्हणतो बरी होती. त्यात एक वाक्य होतं : 'वडिलांनी एकट्याच्या बळावर पाच मुलांना शिकवलं.' पुस्तिका सगळीकडे गेली, फोन आले, लोकांनी डोळे पुसले म्हणाले. मग आठेक दिवसांनी माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती फार बोलत नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, फुई कोठे शे रे?"

बाहेरच्यांसाठी सांगतो, फुई म्हणजे आत्या. वडिलांची थोरली बहीण. सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती पन्नास वर्षं आमच्याच घरात राहिली आणि १९८४ मध्ये तिथंच वारली. मूलबाळ नाही. आखाजीला गावातल्या सगळ्या लेकी माहेरी यायच्या, झोके बांधायच्या, गाणी म्हणायच्या. फुईला मुऱ्हाळी पाठवायचा प्रश्नच नव्हता, ती माहेरातून कधी गेलीच नाही. त्या दिवशीही ती चुलीपाशीच असायची. अकरा पानांत तिचं नाव एकदाही नव्हतं. आणि सगळ्यात वाईट हे, की मी ते मुद्दाम केलं नव्हतं. मला ती आठवलीच नाही. हाल्बवाक्स शिकवण्यात माझी वर्षं गेली होती, मंडळी. चौकट मला फळ्यावर काढता येत होती. घरातली दिसली नाही.

फोन ठेवला आणि वडिलांची पत्र्याची पेटी काढली. त्यात दोन कागद सापडले.

पहिला कागद म्हणजे १९७२ च्या सुमाराचं रेशनकार्ड. दुष्काळाची वर्षं. इथल्या जुन्या लोकांना आठवत असेल, रेशनवर ती परदेशी लाल ज्वारी यायची, मिलो. तिची भाकरी थापता थापता चिरायची. मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात, सुटीत घरी यायचो. कार्डावर घरातल्या माणसांची यादी आहे आणि त्यात फुईचं नाव आहे. पुढे लिहिलंय : बहीण. वय त्रेपन्न. ते नाव वाचलं आणि मग एकेक गोष्ट परत आली. घरात थोडी दादर शिल्लक होती. फुई त्या दादरच्या पिठात मिलो मिसळून आमच्या भाकरी करायची आणि स्वतःसाठी निव्वळ मिलोची, चिरलेली, सगळ्यांच्या शेवटी. "जेवना का रे?" एवढं मला विचारायची. मी तिला कधी विचारल्याचं आठवत नाही. रॉकेलच्या रांगेत तीच उभी राहायची. आमच्या पाच जणांच्या शिक्षणाचा पैसा वडिलांच्या नोकरीतून आला हे खरं. पण तो पैसा शिल्लक राहिला, कारण घरात एक माणूस पन्नास वर्षं बिनपगारी राबत होतं. 'एकट्याच्या बळावर' मधला 'एकट्या' हा शब्द खोटा होता.

इथपर्यंत ही विस्मरणाची गोष्ट आहे. विसरलो, चुकलो, कान धरतो, असं म्हणून मी सुटलो असतो. दुसरा कागद निघाला नसता तर.

दुसरा कागद १९५९ चा. आजोबा १९५८ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. १९५६ मध्ये हिंदू वारसा कायदा आला होता, त्याने मुलीलाही बापाच्या मिळकतीत वाटा दिला होता. म्हणजे फुई वाटेकरी होती. तो कागद म्हणजे तिचं हक्कसोडपत्र. 'राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय' आपला हक्क भावाच्या लाभात सोडत आहे, आणि खाली अंगठा. हा कागद खानदेशात कोणाला नवा नाही. कायदा मुलीला एका हाताने देतो आणि आपण राखीच्या हाताने काढून घेतो. राजीखुशी होती का? असेलही. जिला जायला दुसरं घर नाही, तिची राजीखुशी कशी ओळखायची हे तत्त्वज्ञानात मला कोणी शिकवलं नाही.

आता कसोटी लावा. फुईला गाळल्याचा फायदा कोणाला? वडील तर गेले. फायदा मला. कारण फुई लेखात आली की तिचा अंगठा येतो. तो आला की जमीन येते. आणि ती जमीन आली की आणखी एक कागद येतो, १९९७ चा, वडील गेल्यानंतरचा. तशाच भाषेतला, तशाच राजीखुशीचा. त्यावर सही आहे माझ्या धाकट्या बहिणीची. लाभ माझा आणि माझ्या भावांचा. फोन करणारी बहीण, तीच ही. ती फुईविषयी विचारत होती आणि स्वतःविषयी एक शब्द बोलली नाही.

मी फुईला विसरलो नव्हतो, मंडळी. मला तिला विसरणं सोयीचं होतं. आणि सोय इतकी जुनी होती की तीच मला स्मृती वाटत होती.

इथं आपल्या जिल्ह्यांतल्या एका बाईची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जळगावच्या बहिणाबाई चौधरी. १८८० ते १९५१. अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी आज आपल्याकडे आहेत ती घरातल्या पोरांनी, सोपानदेवांनी आणि मावसभावाने, ऐकून कागदावर उतरवली म्हणून. १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापली गेली. बहिणाबाईंची प्रतिभा त्यांचीच, पण ती आपल्यापर्यंत पोहोचली त्याला कारण एक वही. आमच्या घरातही वही होती. तिच्यात उसनवारी लिहिलेली असायची. फुई जात्यावर, झोक्यावर काय म्हणायची, ते कोणी उतरवलं नाही. ती बहिणाबाई होती असं मी म्हणत नाही. होती की नव्हती हे आता कोणालाच सांगता येणार नाही, एवढंच म्हणतो.

मग स्मरणिका काढायच्या की नाही? काढायच्या. पॉल रिकर नावाचा फ्रेंच तत्त्वज्ञ, जो स्वतः पाच वर्षं जर्मनांच्या युद्धकैदेत होता, त्याने २००० सालच्या स्मृतीवरच्या मोठ्या ग्रंथात एक साधी गोष्ट सांगितली आहे. एकट्याची आठवण आणि समाजाची आठवण यांच्या मधे एक पायरी असते, जवळच्या माणसांची. आपण होतो याला खरे साक्षीदार तेच. मला यातून एवढं कळतं की नातलगांविषयी लिहिणं म्हणजे साक्ष देणं आहे. आणि साक्षीदाराचा जर निकालात वाटा असेल, तर त्याने तो आधी सांगायला हवा.  साहित्यात हा नियम का नसावा?

म्हणून तुमच्यापैकी जे कोणी आईवडिलांवर लिहिणार असतील, त्यांना एवढंच सुचवतो. विशेषणं बाजूला ठेवा. जुनं रेशनकार्ड काढा, सातबारा काढा, लग्नातल्या आहेराची यादी काढा. त्यावरच्या प्रत्येक नावाशी थांबा आणि विचारा : हे माणूस माझ्या लेखात आहे का? नसेल तर ते नसल्याने मला काय मिळतं? काहीच मिळत नसेल तर खुशाल गाळा. मिळत असेल तर आधी ते पान लिहा, मग बाकीचं.

(श्रोत्यांमधून प्रश्न : सर, पण लिहून काय होणार? ज्या गेल्या त्यांना काय मिळालं?)

ताई, काहीच मिळालं नाही. तुमचा प्रश्न बरोबर आहे. फुईला माझ्या लिहिण्याने एक भाकरही मिळणार नाही. लिहिणं म्हणजे परतफेड असं मी म्हणालो तर ती पुन्हा एक सोयीची गोष्ट होईल. लिहून इतकंच होतं की पुढच्या माणसाला 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणायची सवलत राहत नाही. माझ्या नातवंडांना ती राहू नये. मी चार पानांची पुरवणी छापली, तिच्यात दोन्ही कागद जसेच्या तसे दिले आणि ज्यांना ज्यांना पुस्तिका गेली होती त्या सगळ्यांना पाठवली. दोन चुलतभाऊ तेव्हापासून बोलत नाहीत. त्यांच्याही पेटीत असे कागद असतील.

एक प्रश्न तुम्ही संकोचाने विचारला नाहीत, तो मीच विचारतो. बहिणीच्या कागदाचं काय? तिला मी विचारलं. म्हणाली, आधी लिही, मग बघू. लिहिलं. मग भावांशी बोललो, वकिलाशी बोललो. एक भाऊ तयार आहे, एक नाही. माझ्या वाट्यातलं मला द्यायचंय, त्याचे कागद तयार होतायत. ते पूर्ण झाले की नाही, हे पुढच्या वर्षी मी इथं आलो तर मला विचारा. तुम्ही ओळखीचे लोक आहात, तुम्हाला विचारायचा हक्क आहे.

थांबतो.